सिंदफणेतली काट्यांची रांग

"मामा, कुणाला तरी रस्ता विचारा ना!" वैष्णवी तिसऱ्यांदा म्हणाली.

"विचारायचं कशाला? मोबाइल आहे ना!" रामप्रसादमामांनी ऐटीत जीप वळवली आणि रस्ता एका तुरीच्या शेतात जाऊन संपला!

दिवाळीच्या सुट्टीत नदीकाठी तंबू ठोकायचा, ही कल्पना तेरा वर्षांच्या वैष्णवीची. पण बीडहून निघाल्यापासून मामांनी तिचं एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ! शिरूर कासारच्या पुढे जीप तीनदा चुकली. बरीचशी घरं कुलूपबंद, माणसं ऊसतोडीला गेलेली. जी भेटली त्यांना विचारायला मामा तयार नव्हते. धाकटा भाऊ अंगद मात्र मागे बसून निवांत चिवडा संपवत होता.

तीन वाजता एकदाची सिंदफणा दिसली. पात्र चांगलं रुंद, पाणी दिसायला गुडघाभर. मामांनी आधी पाण्याकडे पाठ करून स्वतःचा व्हिडिओ काढला, मग तंबू ठोकला, मग सरपण शोधायला निघाले. काठावर बाभळीच्या काटेरी फांद्या एका रांगेत रोवलेल्या होत्या. रांग थेट पाण्यात शिरली होती.

"आयतं सरपण!" मामांनी धडाधड फांद्या उपटल्या. पाण्यात शिरून आणखी सातआठ काढल्या.

"थांबा मामा! या कुणीतरी मुद्दाम लावल्यात."

"पुरात वाहून आल्यात गं."

"वाहून आलेल्या फांदीला लाल चिंधी कोण बांधतं? आणि बुडखा बघा, कुऱ्हाडीनं टोक काढलंय!"

"तुला काय कळतंय त्यातलं? जा, खिचडीला पाणी आण."

वैष्णवीच्या डोक्यात तिडीक गेली. रागानं तिला रडूच यायला लागलं. त्यात ओल्या फांद्या धड पेटेनात, नुसत्याच धुमसत धूर करत राहिल्या! शेवटी मामाच वैतागले, तंबूत शिरले आणि घोरायला लागले.

"अंगद, चिवडा ठेव आणि तिकडे बघ!"

नदीच्या मध्यापासून पलीकडच्या काठापर्यंत रांग अजून उभी होती.

"वाटेची खूण आहे ही," वैष्णवी म्हणाली. "पण एवढ्याशा पाण्यात खूण कशाला?"

तंबूची एक जास्तीची काठी घेऊन ती घोटाभर पाण्यात उतरली. समोर काठी टेकवली, तळ लगेच लागला. मग डावीकडे टेकवली. डावीकडची काठी खाली जातच राहिली, पार तिच्या मुठीपर्यंत!

"बाप रे! वाळू उपसलेले खड्डे आहेत इथं!"

तेवढ्यात पलीकडून घुंगरं वाजली. एक बैलगाडी नदीत उतरत होती. वर भांडीकुंडी, अंथरुणं आणि सगळ्यात उंच बसलेली चारेक वर्षांची एक मुलगी.

"थांबा! थांबा!" दोघं बेंबीच्या देठापासून ओरडली. पण वारं उलटं! मुलीनं उलट खुशीत हात हलवला.

"मामा, उठा! गाडी बुडेल!"

"पाच मिनिटं..." तंबूतून आवाज आला.

रांग मोडली होती तिथून पुढची वाट कुठं होती? वैष्णवी हात चोळत बसली. अंगदच्या मात्र डोक्यात वीज चमकली. "मामा, तुमचा व्हिडिओ बघू? झकास झालाय म्हणे!"

डोळे न उघडताच मामांनी मोबाइल बाहेर सरकवला!

व्हिडिओत मामांच्या हसऱ्या चेहऱ्यामागे सगळी रांग दिसत होती. मधोमध ती काळ्या खडकाकडे वळून मग काठाला लागत होती. म्हणजे गाडी सरळ आली, तर थेट खड्ड्यात!

पुन्हा खुणा लावाव्यात, तर उपटलेल्या फांद्या अर्धवट जळून आखूड झाल्या होत्या. वैष्णवीनं तंबूकडे पाहिलं आणि सरळ त्याच्या काठ्याच उपसल्या! तंबू मामांवर कोसळला.

"अरे! भूकंप!" आतून मामा ओरडले.

जीपमधल्या लांब दोरीचं एक टोक तिनं कमरेला बांधलं, दुसरं अंगदनं जीपला. काठीनं तळ चाचपत, एकेक काठी रोवत ती खडकापर्यंत पोचली. गाडी आता वीस पावलांवर होती आणि बैल सरळच चालले होते.

"खडकाकडे वळा! समोर खोल खड्डा आहे!"

गाडीवानानं कासरे खेचले. बैल थांबले. त्यानं समोरच्या पाण्यात चाबकाची दांडी टेकवली. ती तळाला लागलीच नाही.

खडकाकडे वळून, काठ्यांच्या रांगेनं गाडी काठावर आणताच त्यानं आधी लेकीला खाली उतरवलं. आसाराम त्याचं नाव. "काट्याची रांग धरून जा म्हनले व्हते गावातले. मदीच रांग संपली. म्या म्हनलं, आता सरळच आसंल. पोरी, माजी लेक व्हती गं वर!"

त्याच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, वैष्णवीच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "लई शहाणी लेकरं हायत!"

"पन रांग मोडली कोनी?" आसारामनं विचारलं.

तंबूचं कापड अंगावर घेऊन मामा उभे होते. हे तरी त्यांनीच सांगावं, असं वैष्णवीला वाटलं.

"मी," मामा खाली बघत म्हणाले. "ही सांगत होती. मी ऐकलं नाही."

गाडीतली कुऱ्हाड काढून आसारामनं मामांच्या हातात दिली.

ऊन कलेपर्यंत मामांनी बाभळी तोडल्या, काटे टोचून घेतले आणि आपला नवाकोरा लाल सदरा फाडून चिंध्या केल्या. पहिली फांदी घेऊन ते कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले आणि थबकले.

"वैष्णवी," त्यांनी हाक मारली, "ही कुठं लावू?"

सकाळपासून मामांनी कुणाला विचारलेला हा पहिलाच प्रश्न! राग अजून पुरता गेला नव्हता, तरी वैष्णवीला हसू आलं.

"थोडं उजवीकडे," ती म्हणाली. "आणि मामा, घट्ट रोवा."