ज्योतीचा कल

कंदील बनवणं सोपं आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, डाख लावून सांधे जोडायचे, काच बसवायची. कुणीही महिन्याभरात शिकेल. अवघड असते ती हवा. कमी पडली की ज्योत काजळी धरते, जास्त झाली की फडफडते, आणि एकाच बाजूने आली तर विझून मोकळी होते. टोपीखालून आत शिरलेली हवा बाजूच्या दोन नळ्यांतून खाली उतरते आणि जाळीतून गाळून वातीपाशी येते. त्या वीतभर वाटेत तिला शिस्त लावायची, एवढंच माझं काम. वीस वर्षं तेच करतेय. दिसेल त्या कंदिलावर फुंकर मारून बघते म्हणून गल्लीत मला 'फुंकर' म्हणतात. म्हणोत बापडे.

माझ्या कारखान्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पत्र्याचं काम, मागची खोली चाचणीची. तिला खिडकी नाही. दाराच्या फटींवर ओल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या की आत हवा जागची हलत नाही. मग हाताने फिरवायच्या पंख्याचा वारा कंदिलावर सोडायचा, कंदील चारी अंगांनी फिरवायचा आणि ज्योतीकडे टक लावून बसायचं. भर दुपारीसुद्धा त्या खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.

त्या मंगळवारी मी नवी जाळी बसवली होती. भोकांच्या दोन रांगा; आतली बारीक, बाहेरची मोठी, आणि एकीचं भोक दुसरीच्या समोर येणार नाही अशी मांडणी. पंखा सावकाश फिरवला. ज्योत हलली नाही. जोरात फिरवला. नाही हलली. खांदा भरून येईपर्यंत गरगरवला, कंदील उलटसुलट फिरवला, काचेखाली तोंड नेऊन फुंकून बघितलं. ज्योत आपली चित्रात काढल्यासारखी! मी एकटीच ओरडले, "जमलं गं बाई!" आणि चाळिशी उलटलेल्या बाईला शोभणार नाही अशी उडी मारली. पंख्याचा दांडा गुडघ्याला लागला, तरी हसतच होते.

हसता हसताच मला दिसलं, की ज्योत सरळ नाही.

स्थिर होती, पण किंचित कललेली. फडफडणाऱ्या ज्योतीत असला कल कधीच कळला नसता. टोक दाराच्या डाव्या चौकटीकडे झुकलं होतं. मला वाटलं, वात तिरकी कापली गेली. नवी कापून घातली. कल तसाच. कंदील अर्धा फिरवला, तेव्हा ज्योतीनेही त्याच्याबरोबर फिरायला हवं होतं. पण टोक पुन्हा डाव्या चौकटीकडेच. मग म्हटलं, कुठेतरी फट आहे. सगळ्या पट्ट्या काढून नव्या लावल्या. एक सुतळी पेटवून विझवली आणि तिचा धूर खोलीभर फिरवून पाहिला. धूर ओळंब्यासारखा सरळ वर जात होता. खोलीतली हवा कुठेच जात नव्हती. काचेच्या आत मात्र ज्योतीला कुणीतरी हलकेच ओढत होतं.

मी घाबरले नाही, खरंच सांगते. मला तर हुरूपच आला. वीस वर्षांत हवेने मला पहिल्यांदाच कोडं घातलं होतं.

शेजारी मोजणीदारकाका राहतात. आयुष्यभर शेतं आणि रस्ते मोजले, आता निवृत्तीनंतर आमची अक्कल मोजतात. त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, पितळी होकायंत्र ज्योतीशेजारी ठेवलं आणि एक डोळा मिटून काट्यावरून नजर लावली.

"सात अंश कललीय," ते म्हणाले. "रोख खाडीच्या तोंडाकडे."

"पण का, काका?"

"मी कुठे आणि किती ते सांगतो. का ते विचारायला दुसरा माणूस बघ."

दुसऱ्या दिवशी तशाच जाळीचा आणखी एक कंदील केला आणि वहिनीला नेऊन दिला. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. तिचं घर धक्क्यावरून वर येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर आहे, माझ्या कारखान्यापासून पाचशे पावलांवर. काकाही कुतूहलापोटी आले. वहिनीने दारं-खिडक्या लावून कंदील पेटवला, आणि ही ज्योतसुद्धा कलली. पण हिचा रोख वेगळा होता. काकांचे डोळे लकाकले.

"दोन ठिकाणांहून दोन रेघा आल्या म्हणजे त्या कुठेतरी भेटणारच!" असं म्हणत ते घरी धावत गेले आणि गावाचा नकाशा घेऊन आले. जमिनीवर पसरला. एक रेघ कारखान्यातून, एक वहिनीच्या घरातून. पेन्सिलीचं टोक दोन्ही रेघांवरून सरकत पाण्यात गेलं आणि खाडीच्या तोंडाशी, काळ्या खडकांच्या थोडं अलीकडे थांबलं.

तिथेच दादाची होडी फुटली होती.

दादा खाडीवर होडी चालवायचा. अकरा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी पलीकडचा निरोप आला, एका आजाऱ्याला आणायचं होतं. वारा सुटला होता. होडीवरचा कंदील विझला आणि दादाला खडक दिसले नाहीत. होडीच्या फळ्या सापडल्या. दादा सापडला नाही.

हे सगळ्यांना माहीत आहे. जे कुणालाच माहीत नाही ते आता सांगते. चाचणीत पास झालेल्या कंदिलाची धरायची कडी मी उजवीकडे पाडून ठेवते, नापास झालेल्याची डावीकडे. त्या संध्याकाळी कारखान्यातल्या फळीवर दोन कंदील होते. डावीकडे कडी असलेल्याच्या एका नळीत डाखाचा थेंब ओघळून बसला होता. हवा एकाच बाजूने यायची. दादा दारात उभा राहून "फुंकरबाई, आटपा!" म्हणून चिडवत होता. मी त्याला उलट उत्तर देत देत दोन्ही कंदील पुसले आणि पुसताना एकाची कडी पलटली. कुठल्या हाताने कुठला दिला ते मला कळलंच नाही. सकाळी पाहिलं, तर चांगला कंदील फळीवरच होता.

वहिनीला मी हे सांगितलं नाही. आज सांगेन, उद्या सांगेन म्हणता म्हणता अकरा महिने मूग गिळून बसले. ती मला जेवायला बोलवायची, "तुम्हीच आता माझं माणूस" म्हणायची, आणि मी अर्ध्या पानावरून उठायची. तिच्याशिवाय मला कुणी नाही. तिला कळलं असतं तर तिने माझं तोंडही बघितलं नसतं.

वहिनीने नकाशावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे इथं आहेत," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना.

होडीवाले गेले, गळ टाकून शोधून आले. हाती काही लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा मोजलं, तेव्हा रेघा त्या जागी मिळेनात. मिळत होत्या त्या पुष्कळ अलीकडे. तिसऱ्या दिवशी त्याहून अलीकडे.

काकांनी तीन वेळा मोजलं. मग पेन्सिल ठेवली, होकायंत्र माझ्या हातात दिलं.

"हे तूच ठेव. मी जन्मभर जमीन मोजली. जमीन चालत नाही, पोरी."

त्यानंतर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मोजायचं काम आम्हा नणंदा-भावजयांवर पडलं. दुपारी बारा वाजता मी कारखान्यात मोजायची, धावत वहिनीकडे जायची, तिथलं मोजायची आणि नकाशावर ठिपका काढायची. वहिनी दारातच उभी असायची.

"किती आले?"

"चारशे पावलं."

"काल साडेतीनशेच होती! वन्सं, चाल वाढलीय ह्यांची!"

आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या हसायचो. लपवून काय करू? मलाही भरून यायचं. रात्री अंथरुणावर पडलं की फळीवरचे ते दोन कंदील दिसायचे, पण दुपारी बाराच्या कितीतरी आधी मी होकायंत्र घेऊन तयार बसायची. आमचा दादा येत होता! तो कसा येतोय, पाण्याखालून अकरा महिन्यांनी कोण येतं, हे आम्ही दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. वहिनीने घर झाडून काढलं. त्याचे सदरे उन्हात घातले, बटणं लावली. त्याच्या चपलांना तेल लावलं.

रविवारी ठिपका धक्क्यावर आला. सोमवारी रस्त्याला लागला. मी हिशेब केला: बुधवारी दुपारी वहिनीच्या दारात.

एक गोष्ट मला त्या दिवसांत खटकली होती. ज्योत ढकलली गेली तर ती फडफडते. ती अशी एकसारखी झुकते, जेव्हा पलीकडून कुणी हवा ओढत असतं. दिवसेंदिवस, न थांबता, आत ओढत. एवढा मोठा श्वास कुणी घेतं का? मी तो विचार झटकला. नको तिथे डोकं चालवायची मला खोड आहे.

बुधवारी बाराच्या आधी मी वहिनीकडे होते. तिने नवं लुगडं नेसलं होतं. कंदील खोलीच्या मधोमध स्टुलावर, आम्ही दोघी दोन बाजूंना. ज्योत रस्त्याच्या खालच्या अंगाला झुकलेली, आता सात नव्हे, चांगली वीस अंश. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कुठेतरी कुणी कपडे आपटत होतं.

मग ज्योत फिरायला लागली.

घड्याळाच्या काट्यासारखी, सावकाश. रस्त्याच्या खालच्या अंगाकडून खिडकीकडे. खिडकीकडून दाराकडे. वहिनी उठून उभी राहिली. तिने पदर सारखा केला, दाराच्या कडीला हात घातला.

ज्योत दारापाशी थांबली नाही.

दारावरून पुढे सरकली. भिंतीवरून पुढे. आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला जाऊन स्थिर झाली. होकायंत्र पाहायची गरजच नव्हती. तिकडे माझा कारखाना होता.

"पुढं गेले," वहिनी म्हणाली. तिचा हात अजून कडीवरच होता. "घरावरून पुढं गेले. वन्सं, ह्यांचं तुमच्याकडे काय काम असेल?"

"मला काय ठाऊक?"

"तुमचा चेहरा असा का झाला?"

"तू इथेच थांब," म्हणाले आणि मागच्या दाराने निघाले. बोळातून पळाले. मरणाची भीती वाटत नव्हती. एकच डोक्यात होतं: तो वहिनीला काही सांगायच्या आत मी त्याला गाठलं पाहिजे. पाया पडेन, नाक घासेन, पण तिला कळता कामा नये.

कारखान्यात शिरले, मागच्या खोलीत गेले, दाराला आतून अडसर घातला. कंदील पेटवला. आणि हातांना वळणच पडलेलं. ओल्या कागदाच्या पट्ट्या घेऊन मी एकेक फट बंद करत सुटले. वरची. खालची. चौकटीची.

रोजच्या चालीने तो इथे उद्या पोचायला हवा होता, पण ज्योत आत्ताच दाराकडे झुकली होती. इतकी, की टोक काचेला टेकत होतं आणि काच काळी पडत होती.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. माझ्या श्वासाचासुद्धा आवाज नको होता.

काही वाजलं नाही. दार हललं नाही. एकही पट्टी सुटली नाही.

टोक काचेपासून सुटलं. हळूहळू वर आलं.

ज्योत सरळ उभी राहिली. ओळंबा लावून बघावी अशी सरळ. वीस वर्षं जिच्यासाठी झुरले, तीच ज्योत. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंदच झाला.

किती वेळ गेला ते माहीत नाही. मग दारावर टकटक झाली. बोटांच्या पेरांनी, हलकेच.

"वन्सं." वहिनीचा आवाज होता. रडून झाल्यावर येतो तसा, शांत. "मी केव्हाची उभी आहे इथे. मध्ये बोलले नाही."

मी तोंडावरचे हात काढले नाहीत.

"सगळं ऐकलं मी तुमच्याच तोंडून. दोन कंदील, कडी पलटली, सकाळी फळीवर पाहिलंत ते. अकरा महिने मला सांगायला तोंड झालं नाही तुम्हाला. ह्यांना मात्र घडाघडा सांगितलंत."

मी हात काढले. मी चकार शब्द बोलले नव्हते.

"वहिनी," मी म्हणाले. "वहिनी, मी काहीच—"

"शूऽऽ. गप्प बसा जरा," दारापलीकडून ती म्हणाली. "तुमचं सांगून झालं ना? आता ह्यांना बोलू द्या."

मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. पण काचेच्या आत ज्योत हलायला लागली होती. एकसारखी नव्हे, थोडी हलायची, थांबायची, पुन्हा हलायची, तिच्यासमोर तोंड नेऊन कुणी इतके दिवस आत ओढलेला श्वास सोडत सावकाश बोलत असावं तशी.