कोणता चित्रकार?

लिफ्टचं दार बंद होता होता आधी एक पाय आत आला, मग एक मोठी चपटी बॅग, आणि मग उरलेला माणूस. मी फोनवर मैत्रिणीशी तावातावाने बोलत होते.

"आज म्हणे नवा चित्रकार येणार आहे आमच्याकडे. येतोय कसला! चित्रकार वेळ पाळत नाहीत. शब्द तर नाहीच नाही. अगं, सगळे एका माळेचे मणी!"

चौथ्या मजल्यावर मी उतरले. तोही उतरला. मी आमच्या प्रकाशनाच्या दाराकडे वळले. तोही वळला.

"वेळेआधी आलोय," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "माळेतून निसटलेला मणी समजा हवं तर..."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण चौथ्या मजल्यावर तीही सोय नव्हती.

मी मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाची सराव-पुस्तकं लिहिते. तेव्हा हातात जो धडा होता, तो अख्ख्या गटाबद्दल एका दमात बोलायचं कसं, याचा. 'डॉग्ज आर लॉयल' म्हणा, 'अ डॉग इज लॉयल' म्हणा, नाहीतर 'द डॉग इज अ लॉयल अ‍ॅनिमल' म्हणा – तिन्ही वेळा तुम्ही जगातल्या तमाम कुत्र्यांना इमानी ठरवलेलं असतं. मला हा धडा मनापासून आवडायचा. एका वाक्यात सगळ्यांचा निकाल लावायचा आणि मोकळं व्हायचं! फक्त प्रत्येक वाक्याला एक चित्र हवं होतं, आणि चित्रं काढणार होता तो.

"कोणता कुत्रा?" पहिल्याच वाक्याला त्याने विचारलं.

"कोणताही. सगळेच."

"सगळे कागदावर मावत नाहीत हो. मला एकच काढता येतो. त्याला कान लागतात, शेपूट लागते... आणि शेपूट काढली की तो कुणाचा तरी कुत्रा होऊन बसतो."

मग तो खाली जाऊन वॉचमनच्या कुत्र्याला बघून आला. या कुत्र्याचं इमान बिस्किटाच्या तुकड्यासाठी अख्ख्या इमारतीला विकलेलं होतं. 'अकाउंटंट्स आर केअरफुल'साठी त्याने आमच्या अकाउंटंटना काढलं, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. 'नर्सेस आर काइंड'ला खालच्या दवाखान्यातली नर्स, पेशंटवर डोळे वटारणारी. मी खवळले. तो शांतपणे म्हणाला, "तिचा हात बघा की." रागावता रागावता तिचा हात पेशंटची उशी नीट करत होता.

ऑफिसने त्याचं बारसं करून टाकलं – कोणतेबुवा.

"'मोस्ट' तरी घाला, मॅडम," तो माझ्या वाक्यांवर पेन्सिल टेकवत म्हणायचा. "नाहीतर 'सम'. बिचाऱ्यांना निसटायला एखादी फट ठेवा."

"फट ठेवली की सगळे त्यातूनच पळतात."

ते मी जरा जास्तच टोचून बोलले असेन. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. काही काढायचं असलं की तो असाच बघायचा, घाई न करता.

"काय?"

"काही नाही... 'टीचर्स आर स्ट्रिक्ट'ला चेहरा शोधतोय."

"मी टीचर नाही."

"स्ट्रिक्ट तर आहात? अर्धं काम झालं!"

मी हसले. चांगली मोठ्याने हसले, आणि मग आपण हसलो याचाच मला धक्का बसला. त्यानंतर रोज सकाळी लिफ्टमध्ये माझे डोळे त्या चपट्या बॅगेला शोधायला लागले. हे काही खरं नव्हतं!

खरं का नव्हतं, तेही सांगते. माझे बाबा चित्रकार होते. मी सात वर्षांची असताना ते रंग आणतो म्हणून बाहेर पडले, ते आजतागायत आलेले नाहीत. आई तेव्हापासून पडदे शिवते. तिने पुन्हा कधी त्यांचं नाव घेतलं नाही, घरात त्यांचा एक फोटो ठेवला नाही. फक्त म्हणायची, "चित्रकारांचा भरवसा नाही." तेच माझं बाळकडू.

आणि एका दुपारी कोणतेबुवा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पेन्सिल या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात.

"मला... दुसऱ्या शहरात काम मिळतंय. गोष्टींच्या पुस्तकांचं, दोन वर्षांचं. त्याबद्दल तुमच्याशी जरा–"

"अभिनंदन," मी म्हटलं आणि मान खाली घातली.

तो उभाच होता. मी धड्याच्या शेवटी एक वाक्य खरडलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. 'आर्टिस्ट्स लीव्ह.' चित्रकार सोडून जातात.

"याला चित्र हवंय," मी म्हटलं.

त्याने वाचलं. हसला नाही. "कोणता चित्रकार?"

"माझे बाबा."

तोंडातून निघूनच गेलं! ऑफिसात कुणालाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

"कसे दिसायचे?" त्याने हळूच विचारलं.

"आठवत नाही."

हे खरं होतं, आणि माझ्याच तोंडून ऐकताना मी हादरले.

दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल रिकामं. बॅग नाही, पेन्सिली नाहीत. झालं! माझं वाक्य खरं ठरलं होतं. त्याचा आनंद व्हायचा तर डोळे भरून यायला लागले. डोकं दुखतंय असं सांगून मी दुपारीच घरी आले.

दारात पुरुषाचे बूट होते. शिलाई मशीन बंद होतं. आणि स्वयंपाकघरातून हसणं ऐकू येत होतं... माझ्या आईचं!

टेबलाशी तो बसला होता. गळ्यात मापाची पट्टी अडकवलेली आई त्याच्या कागदावर वाकली होती.

"नाही रे, नाक इतकं सरळ नाही. डावीकडे जरासं... हां! पोहताना आपटला होता. आणि हसायचा ना, तेव्हा आधी हा गाल हलायचा."

मी चौकट धरून उभी राहिले.

"आलीस?" आई म्हणाली. "बघ बरं, जमलाय का."

कागदावर एक माणूस होता. वाकड्या नाकाचा, हसण्याच्या बेतात असलेला. त्याचे कान माझे होते. इतकी वर्षं मी ज्याच्यावर चिडले होते, त्याला चेहराच नव्हता. होता तो नुसता पेशा – चित्रकार.

"तुम्ही... इथे कसे?" मी त्याला विचारलं.

"पत्ता संपादकबाईंनी दिला. पण आईंनी दार तोंडावर लावून घेतलं."

"मग उघडलं," आई म्हणाली. "मठ्ठासारखा उन्हात उभा! जा म्हटलं तरी जाईना. म्हटलं, हा कुठला चित्रकार, जो जातच नाही?"

तो उठला. कानांपर्यंत लाल झाला होता. "मॅडम, काल तुम्ही अर्धंच ऐकलंत. काम घेऊ का, ते मला तुम्हाला विचारायचं होतं. कारण... तुम्ही मला आवडता. खूप. तुम्ही राहा म्हणालात तर मी राहतो."

'राहा' हा शब्द जिभेवर आलाच होता.

"खबरदार!" आई कडाडली. आम्ही दोघंही दचकलो. "चांगलं काम चालून आलंय आणि ही त्याला दावणीला बांधणार! पुस्तकं काय, कुठेही बसून लिहिता येतात. लग्न करा आणि तूही जा."

"आई! आणि तू एकटी?"

"तुझा बाबा गेला तेव्हा एकटी पडले, कारण तो सांगून गेला नाही. किती दिवस मी दाराची कडी लावली नाही, तुला नाही माहीत." तिने गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "तू कुठे आहेस, काय खाल्लंस, कुणाशी भांडलीस, ते मला ठाऊक असेल. त्याला एकटं पडणं म्हणत नाहीत, बाळा."

मला कुणीतरी सोडून जाईल, या भीतीत मी वाढले होते. घर सोडून जाणारी मीच असेन, हे कधी स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. मी आईकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं... आणि रडायलाच लागले.

"तू मला आवडतोस," मी हुंदक्यांमधून म्हटलं. आईदेखत! "मला भीती वाटते, पण मी येते."

त्याने माझा हात धरला. त्याची बोटं पेन्सिलीने काळी झाली होती, माझीही झाली.

आईने टेबलावरचा कागद उचलला. "पुस्तकासाठी दुसरा कुणीतरी काढ," ती त्याला म्हणाली. "हा मला हवाय."

आणि ते चित्र छातीशी धरून ती आतल्या खोलीत गेली. आम्ही दोघं हातात हात घेऊन, त्या लोटलेल्या दाराकडे बघत कितीतरी वेळ उभे होतो.