सारवण खाणारी मशीन

अश्विनने मशीनचं झाकण उघडलं, वास घेतला आणि काउंटरपलीकडच्या मुलीकडे पाहिलं.

"मॅडम... हे शेण होय काय?"

"सारवण होय," चेतना म्हणाली, जणू एवढा फरक त्याला कळायलाच हवा होता.

सौंदडच्या स्टेशनजवळचं ते दुरुस्तीचं दुकान. चेतनाच्या भावाने नागपूरहून हातात मावेल एवढा व्हॅक्युम क्लीनर पाठवला, आणि तिने पहिल्याच दिवशी तो आईने नुकत्याच सारवलेल्या ओसरीवर फिरवला. मशीनने आधी धूळ ओढली, मग धुळीमागोमाग सारवणाचे पापुद्रे. मग ती घुरघुरली आणि बंद पडली.

"मातीच्या जमिनीवर नाई चालवाची. फरशीवर चालवा."

"फरशी देवघरातच हाये आमच्या."

"मंग देवाची तरी सोय झाली."

तिला हसायचं नव्हतं. पण हसू आलं, आणि हसण्यातून खोकला. ती पाठमोरी झाली. वळली तेव्हा काउंटरवर पाण्याचा ग्लास होता, आणि अश्विन मात्र एका स्क्रूत डोकं खुपसून बसलेला.

अश्विनची एक खोड होती. कुठल्याही वस्तूचे तो आधी दोष सांगायचा. "बॅटरी बारा मिनिटं चालते. पोट लहान, एका खोलीत भरते. फिल्टर धुवा लागते, अन् खडखडीत वाळल्याशिवाय लावाचा नाई. आवाज असा का म्हैस दावं तोडंल."

"मंग चांगलं काय हाये तिच्यात?"

"झाडूनं धूळ नुसती जागा बदलते," तो म्हणाला. "हे गिळून घेते. उडू देत नाई."

चेतनाला तेवढंच हवं होतं.

धानाची मळणी सुरू झाली. गावभर भुशाचा धुरळा. ती दर आठवड्याला नवा फिल्टर न्यायला येऊ लागली.

"दोन महिने चालते एक फिल्टर. तुमी खाऊन राहिल्या काय?"

"तुमचा मालच कच्चा."

"माल पक्का हाये. दुकानदार..." वाक्य तिथेच राहिलं. त्याचे कान मात्र लाल झाले.

एका शुक्रवारी ती आली आणि फिल्टर मागितलाच नाही. स्टुलावर बसून राहिली.

"रविवारी पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले."

अश्विनच्या हातातला, स्क्रूवर फिरणारा पेचकस थांबला.

"झाडू मारला का माझा दम भरते. म्हणून हे मशीन. दोन सोयरिकी तेच्यानंच मोडल्या... आई म्हणते, दम्याचा पंप तांदळाच्या डब्यात लपव. अन् हसू नको, हसली का खोकलतेस."

"मले मालूम हाये. पयल्या दिवसापासून. पाणी कायले ठेवलं असतं?"

त्याने पेचकस खाली ठेवला.

"माझं सांगू? मी घोरतो. राग आला का दोन दिवस बोलत नाई. माझ्या आईचा आवाज या मशीनपेक्षा मोठा हाये. अन् घर... पूर्ण सारवणाचं."

"अन् गुण?"

एक मालगाडी आली, दुकानातले पत्रे थरथरवून निघून गेली.

"झाडू मी मारीन," तो हळूच म्हणाला. "तू तवरक तलावाच्या पाळीवर बसाचं. धूळ बसली का हाक मारीन."

'तुमी'चं 'तू' झालं होतं. दोघांनीही ते ऐकलं.

"पाहुण्यांले मी आधी दोष सांगीन," ती उठत म्हणाली.

"अन् तरी नाई उठले तर?"

"ओसरीवर मशीन चालवीन."

मशीनची गरज पडली नाही. रविवारी पोह्यांना हात लागण्याआधीच चेतनाने दम्याचं सांगितलं, आणि पाहुण्यांना एकदम बसची वेळ आठवली. आई स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. वडील, यादोराव, ओसरीवर बसले होते.

ऊन कललं तेव्हा रस्त्यावरून एका बाईचा, मशीनपेक्षाही दणदणीत आवाज आला, "यादोराव होऽऽ, घरी हाव काय?"

वडील दचकून उभे राहिले. चेतना मात्र हसली. खोकला आला, तो येऊ दिला. मग तिने तांदळाच्या डब्यातून पंप काढला, पदराने पुसला आणि चहाच्या ट्रेमध्ये, कपांच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.