तळं नव्वद मीटर सरकलं!

"मानवाने पृथ्वी जिंकली आहे!" भूगोलकाकांनी जाहीर केलं. "आता या ग्रहावर कुणीही, कधीही, कुठेही हरवू शकत नाही!"

आणि ते खुर्चीवर बसले. म्हणजे, बसायला गेले. खुर्ची वीतभर डावीकडे होती.

तिघा मुलांनी त्यांना उठवलं, झटकलं आणि खुर्चीच्या बरोबर मध्यावर ठेवलं. भूगोलकाका हे मोजणी कार्यालयाचे साहेब. 'भूगोलकाका' हे नाव त्यांच्या विषयावरून पडलं की पोटावरून, यावर मुलांमध्ये दोन पक्ष होते.

ताई तेरा वर्षांची. तिचा धाकटा भाऊ बोका. जिथे ऊब असेल तिथे तो झोपतो म्हणून बोका. दोघं सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशीची मुलगी दहा वर्षांची. तिला कशाचीही खात्री वाटत नसे, म्हणून तिला सगळे शंका म्हणत. शंकेची आई, म्हणजेच या दोघांची मावशी, याच कार्यालयात मोजणीदार होती.

"काका, आई एकटीच का गेली?" शंकेनं सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. "माळावर नेहमी दोघं जातात ना?"

"नकाशा असताना दुसरा माणूस कशाला? उगाच गर्दी!" काका म्हणाले आणि जेवणानंतरच्या कामासाठी आतल्या खोलीत गेले. ते काम घोरण्याचं होतं.

खिडकीबाहेर धुकं दाटून उभं होतं. दुपारचे अडीच वाजले तरी हटायचं नाव नाही. कार्यालयाला लागूनच तळं होतं, पण आज तेसुद्धा दिसत नव्हतं. मागच्या माळावर बंद पडलेली जुनी खाण होती. विहिरीसारखे खोल खोल खड्डे, तोंडावर कधीकाळी टाकलेल्या फळ्या, फळ्यांवर वाढलेलं गवत. वरून पाहिलं तर साधी हिरवळ! मावशी त्या खड्ड्यांभोवती लाल निशाणं रोवायला गेली होती. हातात जीपीएसचं यंत्र, यंत्रात नकाशा.

"चला, आपली कालची फेरी कॉम्प्युटरवर चढवू या," ताई म्हणाली. काल ती तिघं जीपीएसचं जुनं यंत्र खिशात टाकून तळ्याला काठाकाठानं पूर्ण चक्कर मारून आली होती. तिनं यंत्राला तार जोडली, नकाशाचा प्रोग्रॅम उघडला आणि बटण दाबलं. पडद्यावर निळं तळं आलं आणि त्यावर एक लाल रेघ उमटली. ही त्यांची वाट.

बोका खिडकीतल्या उशीवरून डोकावला. "हे काय? आपण पाण्यातून चाललोय!"

खरंच! लाल रेघेचं अर्धं कडं पाण्यात होतं आणि अर्धं दूर पलीकडच्या शेतात.

"माझे तर मोजेसुद्धा कोरडे होते," बोका म्हणाला.

"तुझे मोजे हा काही पुरावा नाही. ते ओले असते तरी तुला कळलं नसतं," ताई म्हणाली. पण तिच्या कपाळावर आठी होती.

शंका पडद्याला नाक लावून बघत होती. "ताई, रेघेचा आकार बघ. इथे खोबण आहे, तशीच तळ्यालाही आहे. तिथे टोक आहे, तसंच तिथेही. आकार तोच आहे! फक्त... डब्यावरचं झाकण सरकल्यासारखं सरकलंय."

ताईनं पडद्यावरची मोजपट्टी लावली. नव्वद मीटर. पूर्वेला. दुसऱ्या टोकाला लावली. नव्वद मीटर, पूर्वेला. कुठेही लावा, नव्वद!

"यंत्र चुकलं असतं तर कुठे दहा, कुठे पन्नास असं चुकलं असतं," ताई सावकाश म्हणाली. "सगळीकडे सारखं चुकलंय. म्हणजे चुकलेलं यंत्र नाही. नकाशा आहे."

आतून फक्त भूगोलकाकांचं काम ऐकू येत होतं.

"काल काकांनी नकाशा भरला, तेव्हा कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं होतं," शंका म्हणाली.

विचारलं होतं खरं. काकांनी जुन्या कागदी नकाशाचं चित्र प्रोग्रॅममध्ये चढवताना पडद्यावर एक चौकट आली होती. काकांनी ती न वाचताच 'पुढे' दाबलं होतं. "कॉम्प्युटर विचारतो ते नम्रपणा म्हणून," ते म्हणाले होते. "उत्तराची त्याची अपेक्षा नसते."

बोक्यानं कपाटामागून त्या कागदी नकाशाची गुंडाळी ओढून काढली. त्याच्याबरोबर तीन वर्षांची धूळही आली. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: मोजणी, जुनी पद्धत.

"मावशीनं सांगितलं होतं मला!" ताई म्हणाली. "पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, जराशी चपटी आहे. किती चपटी, याचा जुन्या लोकांचा हिशेब वेगळा आणि आताचा वेगळा. त्यामुळे जुने आकडे नव्या मोजणीत तसेच घातले, की जागा सरकते. कॉम्प्युटर तेच विचारत होता, जुनी की नवी? आणि काकांनी..."

तिनं नकाशा पुन्हा चढवला. तीच चौकट आली. या वेळी तिनं 'जुनी' निवडलं.

तळं कपाटाच्या खणासारखं सरकत पूर्वेला गेलं आणि लाल रेघेत चपखल बसलं.

"जमलं!" बोका ओरडला.

पण शंका तळ्याकडे बघतच नव्हती. तळ्याबरोबर माळावरचे काळे गोलही सरकले होते. ते खाणीचे खड्डे होते. आणि मावशीनं सकाळी आखलेली निळी वाट मात्र जागची हलली नव्हती. मघापर्यंत ती सगळ्या खड्ड्यांना वळसे घालत जात होती. आता ती सातव्या खड्ड्याच्या बरोबर पोटातून जात होती.

"आईच्या यंत्रात कुठला नकाशा आहे?" शंकेनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. सकाळी याच कॉम्प्युटरवरून भरलेला.

ताईनं मावशीला फोन लावला. माळावर फोन लागत नसे, तसा तो लागला नाही. टेबलावर वायरलेसचा संच होता. पण मावशी बॅटरी वाचवायला आपला संच दर तासाच्या ठोक्याला, फक्त पाच मिनिटं उघडत असे.

घड्याळात तीनला बारा मिनिटं होती.

"तीनपर्यंत ती कुठे पोचेल?" बोक्यानं विचारलं.

ताईनं निळ्या रेघेवर बोट फिरवलं. ते सातव्या खड्ड्यापाशी थांबलं. तिनं बोट पटकन उचललं, जणू चटका बसला.

"मी पळत जाते!" शंका दाराकडे धावली. ताईनं तिला दंडाला धरलं.

"धुक्यात? त्या माळावर? मग दोघींना शोधायचं?"

शंका रडली नाही. ती घड्याळासमोर जाऊन उभी राहिली आणि काट्याकडे बघत राहिली. तिच्याकडे बघून बोक्यालाच रडू येऊ लागलं.

तीनला पाच मिनिटं असताना भूगोलकाका जागे झाले. मुलांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. काकांनी सगळं ऐकलं आणि वायरलेसच्या संचावर पंजा ठेवला.

"हे खेळणं नाही! तीन वाजता मी बोलेन. 'सगळं ठीक?' एवढंच विचारायचं असतं. भलतंसलतं सांगून बाई घाबरल्या म्हणजे?"

"अहो काका, नकाशा चुकलाय!" ताई म्हणाली.

"बत्तीस वर्षं मी नकाशे बघतोय. तू सातवीत आहेस."

"ताई आठवीत आहे," बोका म्हणाला. "पण काका, तुमच्या नकाशाप्रमाणे आपण आत्ता तळ्यात बसलोय. बघा ना!"

त्यानं काकांचाच नकाशा भरलेल्या दुसऱ्या जीपीएस यंत्राचा पडदा काकांसमोर धरला. कार्यालयाचा ठिपका निळ्या पाण्याच्या मधोमध होता. काकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"थोडं इकडंतिकडं होतं," ते म्हणाले.

ताईनं घड्याळाकडे पाहिलं. तीनला तीन मिनिटं. ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचंच बरोबर असेल. मग एक दाखवाल? या नकाशावर विश्वास ठेवून, पूर्वेच्या काठावर, कोरड्या जमिनीवर जाऊन दाखवाल? आम्ही लगेच गप्प बसू."

"दोन मिनिटांचं काम!" काकांनी यंत्र हिसकावलं. "ए, चल माझ्याबरोबर. साक्षीदार पाहिजे."

नाक यंत्रात खुपसून काका बाहेर पडले. मागे बोका. धुक्यातून त्यांचा आवाज येत राहिला. "हे बघ, आपण अजून पाण्यात आहोत... अजून पाण्यात... आता काठ जवळ आला... आणखी दहा पावलं की आपण कोरड्या जमि..."

छपाक्!

"काका, उभे राहा! कमरेएवढंच आहे!" बोक्याचा आवाज आला. "माझा हात धरा!"

पण ताईनं ते ऐकलंच नाही. तीनचा ठोका पडला होता आणि तिनं वायरलेसचं बटण दाबलं होतं. "मावशी! मावशी, ऐकू येतंय?"

खरखर. नुसती खरखर.

"आई!" शंका ओरडली.

खर्रर्र... आणि मग मावशीचा आवाज, शांत, थोडा दमलेला. "अगं, किती ओरडता! मी ठीक आहे. धुक्यात स्वतःचे हात दिसत नाहीत, पण यंत्र सांगतंय सातवा खड्डा अजून नव्वद मीटर लांब आहे. जरा पुढे जाते आणि..."

"हलू नको!" दोघी एकदम किंचाळल्या.



"मावशी, नकाशा नव्वद मीटर सरकलाय. जुनी मोजणी होती, काकांनी नवी समजून भरली. तुझे आकडे वाच. पाऊल उचलू नको, नुसते आकडे वाच."

मावशीनं आकडे वाचले. ताईनं ते एकेक करून दाबले. एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा दाबला. पडद्यावर हिरवा ठिपका उमटला.

काळ्या गोलाच्या कडेला. अगदी कडेला.

"मावशी," ताई म्हणाली. "पायाखाली काय आहे?"

"गवत." मग टक् टक् असा आवाज आला. मावशीनं काठी आपटली असावी. मग तिनं अगदी हळू सांगितलं, "एका पायाखाली जमीन आहे. दुसऱ्याखाली... पोकळ वाजतंय."

शंकेनं ताईचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. ताईला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

"आई, आडवी हो," शंका म्हणाली. "बर्फावर होतात ना, तशी. म्हणजे वजन पसरतं. आणि मागे सरक."

"बरं," मावशी म्हणाली. कुठलीही शंका न काढता म्हणाली.

मावशीच्या संचाचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. त्या दोघींना सगळं ऐकू येत होतं. कपड्यांची सळसळ. श्वास. पुन्हा सळसळ. मग कडकन काहीतरी मोडलं! त्यानंतर कशाचाच आवाज नाही. एक... दोन... तीन... आणि फार फार खालून पाणी वाजलं. डुब्.

"आई?"

आवाज नाही.

"आई!"

"फळी गेली," वायरलेस म्हणाला. "मी नाही."

शंका जमिनीवर बसली. आता तिला रडायला वेळ होता, पण ताईनं तेवढाही दिला नाही. "शंके, परतीची वाट! नकाशा तर खोटा आहे. ती परत कशी येणार?"

शंकेनं बाहीनं नाक पुसलं. "नकाशा खोटा आहे, पण यंत्र खोटं नाही. आपली तळ्याची रेघ बरोबर होती ना? मग आईची रेघही बरोबर असणार! ती आली तिथून खड्डा नव्हता, नाहीतर..." तिनं पुढचं वाक्य गिळलं. "आई, नकाशा बंद कर! फक्त तुझी स्वतःची वाट ठेव पडद्यावर. तिच्यावरूनच उलटी ये. एक पाऊलसुद्धा बाजूला नको!"

"समजलं. बॅटरी संपत आलीय. बंद करते."

खट्. संच मुका झाला.

दारात भूगोलकाका उभे होते. त्यांच्या कोटातून पाणी ठिबकत होतं आणि खांद्यावर शेवाळ होतं. त्यांनी पडद्यावरचा ठिपका आणि काळा गोल पाहिला. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. ते वळले, बाहेरच्या जीपमध्ये जाऊन बसले आणि भोंगा वाजवू लागले. थांबून थांबून, धुक्यात आवाजाची दिशा कळावी म्हणून. हे त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

सव्वातीन. साडेतीन. बोका कुंपणापाशी उभा राहून धुक्याकडे बघत होता. त्याला दर मिनिटाला माणूस दिसे आणि दर वेळी ते झुडूप निघे. पावणेचार. भोंग्याचा आवाज बसत चालला, आणि काकांचा चेहराही.

चारला दहा मिनिटं असताना एक झुडूप चालू लागलं.

"मावशी!"

ती आली. मातीनं माखलेली, केसांत गवत, हातात यंत्र घट्ट धरलेलं. शंका तिला जाऊन अशी धडकली की दोघी पडता पडता राहिल्या.

मग व्हायचं ते सगळं झालं. मुख्य कार्यालयातल्या मोठ्या बाईंचा फोन आला. त्यांनी तिघांशी एकेक करून बोलून शाबासकी दिली. सरकलेला नकाशा सगळ्या यंत्रांतून ताबडतोब पुसायचा आणि यापुढे माळावर कुणालाही एकटं पाठवायचं नाही, असा हुकूमही दिला. काकांशी त्या वेगळ्या बोलल्या. ते बोलणं बराच वेळ चाललं आणि काकांच्या बाजूनं त्यात फक्त "हो बाई" एवढाच मजकूर होता.

शेवटी भूगोलकाका अंगाला टॉवेल गुंडाळून पायरीवर उभे राहिले. "मुलांनो," ते घसा खाकरून म्हणाले, "चूक माझी. तुम्ही नसता तर... ते मला बोलवतही नाही. आजचा दिवस मोजणीच्या इतिहासात लिहिला जाईल! आज तीन लहान मुलांनी या कार्यालयाला शिकवलं, की यंत्रानं विचारलेला प्रश्न हा प्रश्नच असतो! आज मी अभिमानानं सांगतो, की..."

"ए, कुणीतरी माझ्या बुटांच्या नाड्या सोडा रे," पायरीवर बसलेली मावशी हळूच म्हणाली. "बोटं अजून ऐकत नाहीयेत."