ओलेत्याची पूजा

"बाबा, कडी काढा. नाहीतर आज मी हे दार तोडून आत येईन," न्हाणीघराच्या दारावर तळहात आपटत गंधाली म्हणाली.

आतून गार पाण्याचा तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला, आणि मागोमाग खोकला... गेल्या हिवाळ्यातला तोच, छातीच्या तळातून उपसून येणारा!

मुंबईत कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पौषातल्या पहाटे मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहावं. लादीवर पाऊल टेकवत नाही. आणि अशा पहाटे पंच्याहत्तरी ओलांडलेले तिचे वडील चंद्रप्रकाश गार पाण्याने अंघोळ करून, ओला पंचा नेसून देवापुढे बसत. धनुर्मासाचा नेम म्हणे! याच नेमापायी गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला, ऑक्सिजन लावावा लागला. पुन्हा छाती भरली तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं.

गंधालीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? बंगळूरची बढती नाकारून, आई गेल्यापासून ती या घरात स्वतःला गाडून घेऊन राहिली होती. सुंठीचा काढा, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, छाती शेकायला ओव्याची पुरचुंडी, खिडक्यांच्या फटींत कोंबलेली फडकी... आणि या सगळ्याचं फळ काय, तर बापाचा अबोला! गरम पाण्याचा हट्ट धरला म्हणून ते तिच्याशी बोलेनासे झाले होते. मालाडला राहणारा धाकटा यज्ञेश फोनवर शहाणपणा शिकवायचा, "जाऊ दे ना गं ताई, करू दे त्यांना मनासारखं."

"तू ये, त्यांची पाठ चोळत बस, मग बोल," असं सुनावून तिने फोन ठेवला होता.

दार उघडलं. ओलेत्याने, काकडत, तिच्याकडे न बघता बाबा देवघराकडे गेले.  गंधाली न्हाणीघरात शिरली, नळाखालची भरलेली बादली उचलली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पालथी केली. श्वासच अडकला तिचा! तशीच निथळत जाऊन ती बापाच्या शेजारी पाटाशिवाय बसली.

"हे काय चालवलंयस?" कितीतरी दिवसांनी ते बोलले.

"तुम्ही करता तेच."

"ऊठ. कपडे बदल."

"तुम्ही उठा, मी उठते."

"गंधाली, तुला सोसणार नाही गं हे..."

"आणि तुम्हाला सोसतं?" तिचे दात वाजत होते, पण आवाज हलला नाही. "उद्याही बसेन. परवाही बसेन. बघू आधी कोण आडवं होतं."

हातात पळी तशीच धरून ते तिच्याकडे वळले. "अगं, तुझ्यासाठीच तर... तू चार वर्षांची होतीस. ताप डोक्यात गेला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा बोललो होतो देवाला, पोर वाचू दे, जन्मभर धनुर्मासात ओलेत्याने पूजा करीन. नेम मोडला आणि तुला काही झालं तर?"

गंधालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एवढी वर्षं हा माणूस तिच्यासाठी गारठत होता, आणि ती त्याला हट्टी म्हातारा म्हणत होती! पण ती वितळली तरी वाकली नाही.

"मी वाचले, बाबा. नवस कधीच फिटला," ती मूर्तींकडे वळून म्हणाली. "देवा, ज्या पोरीसाठी हा बोलला ती मीच. मी त्याला मोकळं करते. काय पाप लागायचं ते मला लागू दे."

  निळ्या पडलेल्या तिच्या ओठांकडे बाबा बघत राहिले, मग पळी ताम्हनात ठेवून, गुडघ्यांवर हात देत उठले. कधी तापातही पूजा अर्धी न टाकणारा तो माणूस भिंतीचा आधार घेत निघाला. न्हाणीघरात गीझरचा खटका वाजला.

"आधी तू अंघोळ कर," ते आतून म्हणाले. "माझ्यापुरतं गरम पाणी ठेव."