चार मिनिटं न हलता

"या फोटोत मी आहे," मी म्हणाले.

पालिकेच्या जिन्यात तो फोटोग्राफर आमच्या जुन्या इमारतीचा मोठा फोटो घेऊन उभा होता. फोटोत कमानी होत्या, लाकडी कठडे होते, माणूस एकही नव्हतं.

"कुठे?"

"तिसरा मजला, डावीकडून दुसरी गॅलरी. फेऱ्या मारत होते. तुम्ही समोरच्या गच्चीवर होतात."

"मग पुसल्या गेलात," तो हसला. "शटर चार मिनिटं उघडं होतं…"

"हलणारं काही उमटत नाही. पदार्थविज्ञान शिकवते मी. पण हा फोटो बघून पालिका म्हणतेय, इमारत रिकामी आहे, पाडा."

त्याचं हसू गेलं. "त्यांनी मला नुसत्या वास्तूचाच फोटो मागितला होता."

परवा सुनावणी होती. आक्षेप घ्यायचा तर फोटो त्याच जागेवरून, त्याच पद्धतीने काढलेला हवा, आणि प्रत्येक घरातलं माणूस दिसायला हवं.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस जण कठड्यांशी उभे राहिलो. माझ्या घरातून मी एकटीच.

"शिंक आली तर?" शिंपीकाका ओरडले.

"धुरकट याल, काका!" गच्चीवरून उत्तर आलं.

"मेलं, लग्नातसुद्धा इतकी गप्प नव्हते," खालच्या मावशी पुटपुटल्या.

"मावशी… शटर उघडलंय!"

कॅमेऱ्याला धक्का नको म्हणून तो चार पावलं बाजूला झाला. मी भिंगाकडे बघत सेकंद मोजत होते. एकशेअठरा, एकशेएकोणीस… त्याने घड्याळाकडे बघायला हवं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

सुनावणीत साहेबांचं बोट तिसऱ्या मजल्यावर थांबलं. तिथे एका अंगावर दोन चेहरे होते, दोन्ही पुसट.

"हे काय? या घरात कोणी राहतं की नाही?"

मागच्या बाकावर मावशींनी शिंपीकाकांचा हात घट्ट धरला.

"राहतात," तो म्हणाला. "एक चेहरा कॅमेऱ्याकडे आहे. दुसरा…" त्याचे कान लाल झाले.

"दुसरा?"

मी उठले. "दुसरा यांच्याकडे आहे, साहेब. दोन्ही सारखेच पुसट आहेत. म्हणजे दोन-दोन मिनिटं. दोन्ही मीच. तिथेच राहते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग लिहिलं — सत्तावीस रहिवासी. पाडकाम रद्द.

जिन्यात तो माझ्यासाठी थांबला होता.

"दोनच मिनिटं?"

"घर वाचवायचं होतं रे," मी म्हणाले. "आता वाचलंय."

आणि या वेळी मी नजर हलवली नाही.