राजा अडीच घर उडतो

ओसरीवरून घरंगळलेलं प्यादं रस्त्यात कुणाच्या तरी चपलेपाशी जाऊन थांबलं.

"हे तुमचं का?"

कोकिळेनं वर पाहिलं मात्र, अन् झाला की हो घोळ! पुलगावच्या डेपोत नुकताच लागलेला कारकून. नाव गुलाब, आणि नजर मेली नको तिथे टोचणारी.

"बुद्धिबळ येते तुमाले?"

"नाई... पण शिकवणारी असल तर शिकतो."

तेव्हापासून दर रविवारी तिचे बाबा, महादेवराव, बाजारातून यायच्या आत स्वारी ओसरीवर हजर. बहाणा एकच – बाबांशी डाव मांडायचा.

"उंट कसा चालते?"

"तिरपा. तुमच्या नजरेसारखा."

"अन् शह म्हणजे?"

"राजावर चालून आलो, असं तोंडानं सांगायचं. चोरून मारायचं नाई."

"अन् मात?"

"पळायले घरच नाई राह्यलं..." तिनं राजा पटाच्या कोपऱ्यात सरकवला. "पण शह बसायच्या आधी राजाले एकदा घोड्यासारखं अडीच घर उडता येते. शह बसला का गेली ती सवलत."

बाबांचा धाक असा, की मांजरसुद्धा उंबरठ्यावर थबकायचं. पण खेळ असो की संसार, नियमाबाहेर ते कधी गेले नव्हते. त्या रविवारी सकाळीच त्यांनी सांगून टाकलं, "उद्या आर्वीचे पाहुणे कोकिळेची सुपारी फोडायले येऊन राह्यले."

सुपारी फुटली की लग्नाचा शब्द दिला गेला, आणि बाबांनी दिलेला शब्द फिरत नसे. गुलाब येताच ती कुजबुजली, "आजच बोला बाबांशी... उद्या उशीर होईल."

बाबा बाजारातून आले, डाव सुरू झाला. ती दाराआड, जीव मुठीत धरून. गुलाबनं तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पटावर त्याचा राजा कोंडत चालला होता, आणि या बावळटाचा हात निघाला हत्तीकडे! अरे देवा, हत्ती हलला की पुढच्याच चालीला मात!

"राजा उडवा! शह नाई बसला अजून!"

बोलून गेली खरी, आणि तोंडावर हात दाबला.

बाबांनी मान न वळवता विचारलं, "तुले हे कोणी शिकवलं?"

"तुमचं पाहून... शिकली."

"अन् याले?"

"तिनंच," गुलाब म्हणाला. चेहरा पांढराफटक, पण बोलला एकदाचा. "मले खेळाशी काई घेणं नव्हतं, बाबूजी. मी कोकिळेसाठी येत होतो. मले तिच्याशी लगन करायचं हाय."

बाबा उठले. कोकिळेनं डोळे गच्च मिटले. आता हात उठणार...

"बाबा... सुपारी नाई फुटली अजून," ती कशीबशी पुटपुटली.

बाबांचा आवाज आला, पण स्वयंपाकघराच्या दिशेनं वळलेला.

"कोकिळेची माय, उद्याचा सैपाक राहू दे. मी आर्वीले जाऊन सांगून येतो." आणि लगेच दुसरीकडे, "अन् तू रे! पाहून काय राह्यला? राजा उडव!"

कोकिळेनं डोळे उघडले. गुलाबनं राजा उचलला होता, पण नजर तिच्याकडे, अन् राजा ठेवला भलत्याच घरात!

बाबांनी तो उचलला आणि बरोबर घरात ठेवला.